जेरी राइस ‘संथ’ होता, हे कुणी ठरवलं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास झेलून पुढे नेणाऱ्या खेळाडूला रिसीव्हर म्हणतात, आणि झेलून कापलेलं अंतर यार्डांत मोजतात. या यार्डांचा विक्रम ज्याच्या नावावर आहे, त्या जेरी राइसबद्दल हा दावा वरचेवर फिरतो: “जेरी राइस मुळात संथ, 40 यार्डांना 4.71 सेकंद घेणारा. जो माँटानासारखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) मिळाला म्हणून विक्रम झाले. आता हंगाम 17 सामन्यांचा आहे, मोडतीलच ते.”

आधी घड्याळाचं पाहू. ही चाचणी म्हणजे जागेवरून सुटून, अंगावर पॅड नसताना, साडेछत्तीस मीटर नाकासमोर धावणं. सामन्यात रिसीव्हर असा धावतो कुठे? राइसचा प्रशिक्षक बिल वॉल्श याच्या आक्रमणात चेंडू बऱ्याचदा रिसीव्हर वळण्याआधीच सुटायचा. स्लँट नावाची ठरलेली धाव घ्या: तीन पावलं सरळ, बाहेरचा पाय रोवायचा आणि तिरकं आत शिरायचं. पाय रोवायला उशीर झाला तर चेंडू पुढून निघून जातो, कधी थेट बचावपटूच्या हातात. वळण्याआधी छाती वर आली किंवा पावलं बारीक झाली की कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूला, सुगावा लागतो. वळण गोल घेतलं तर तो आतून मध्ये घुसतो. राइस वळताना आणि झेलतानाही वेग मोडत नसे, त्यामुळे सात यार्डांचा पास पन्नासाचा व्हायचा. पहिल्याच हंगामात त्याचे 49 झेल आणि 927 यार्ड, म्हणजे झेलामागे जवळपास 19. तेव्हाचं दुखणं पायांचं नव्हतंच. हातातून चेंडू सुटत होते. आणि संथ वाटला असता तर 1985 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाने सौदा करून 28 व्या क्रमांकावरून 16 व्यावर उडी कशाला मारली असती?

माँटानाचा फायदा झालाच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण 1990 पर्यंतचे राइसचे यार्ड 7,866 भरतात. त्यानंतर माँटाना तिथे जवळजवळ खेळलाच नाही, आणि राइसने आणखी 15,029 काढले. 1995 मधले 1,848 माँटानानंतरचा क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग याच्या काळातले. 2002 मध्ये, चाळिशी गाठताना, ऑकलंडच्या संघात क्वार्टरबॅक रिच गॅननसोबत 92 झेल, 1,211 यार्ड.

राहिला 17 सामन्यांचा हिशेब. राइसचे एकूण 22,895 यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झगेराल्ड 17,492 वर. दरवर्षी 1,300 यार्ड, तेही सलग 17 वर्षं काढले, तरी 22,100 च होतात. हंगामाला एक सामना वाढल्याने गुडघे जास्त टिकत नाहीत. राइसचा 1997 च्या पहिल्याच सामन्यात फाटला, डिसेंबरात परतला तर वाटी मोडली, आणि 1998 मध्ये पुन्हा 1,157 यार्ड. कारकीर्द 303 सामन्यांची.

नावं ठेवायचीच तर जागा दुसरी आहे. हातमोज्यांना स्टिकम लावत असल्याची कबुली त्याने 2015 मध्ये स्वतःच दिली, आणि त्या चिकट द्रव्यावर लीगने 1981 मध्येच बंदी घातली होती.