होडी मोडायची, पण आधी टेप लावून

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीपासून एकच वाद चाललाय. आजोबांची शिडाची होडी. वाघोटणच्या खाडीकाठी माडांच्या बुंध्याशी गेली 19 वर्षं ती एका कुशीवर कलंडून पडली आहे. चुलतभावाचं म्हणणं, ती अंगणात आणू, मस्त ऑइलपेंट मारू, आत माती भरून जास्वंदी लावू आणि होमस्टेच्या पाटीखाली ठेवू. "हेरिटेज आहे गं ते!" त्यावर धडाधड बदाम आले. मी एकटीने लिहिलं, मोडून टाका. तेव्हापासून घरात मी दुष्ट. ग्रुपवर तीन ओळींपुढे कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

दिवाळीत गावी गेले तेव्हा होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना काठावर घेऊन गेले. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, टोचत टोचत निघाले. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथलं लाकूड अजून टणक, टोचलं की ठक्क आवाज. वरच्या काठाला आले, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर आला ओला भुसा. कलत्या बाजूला आत पावसाचं पाणी साचून पालापाचोळा कुजला होता, तिथे तर बोटच आरपार. मला वाटायचं, समुद्राचं पाणी लाकूड खातं. मेस्त्री म्हणाले, खारं पाणी लाकूड राखतं, कुजवतं ते गोडं पाणी. "गो बाय, होडी पाण्यात ऱ्हवली तर जगता. सुक्यार ऱ्हवली काय मरता."

म्हणजे आमच्या होडीला समुद्राने नाही, आम्ही मारलं. आणि आता तिच्यात ओली माती भरायची म्हणे! चार पावसाळ्यांत तळ हातात येईल, वर पेंट कितीही चकचकीत असो.

खर्च मी विचारला. वरच्या फळ्या बदलायच्या, गंजलेले खिळे काढायचे, त्यांच्याभोवती काळं पडलेलं लाकूड कापायचं. पैसे बरेच लागतील, पण वर्गणी काढून जमतीलही. माझी अडचण पैशांची नाहीच. आजोबा होते तेव्हा आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारली जायची. नारळी पौर्णिमा जवळ आली की फळ्यांच्या जोडांतला जुना कापूस खरवडून तेलात भिजवलेला नवा ठोकून बसवायचा आणि सगळ्या अंगाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडायचं. तो वास आठवडाभर केसांतून जात नसे, आई आम्हाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत घेत नसे. पाण्यात लोटल्यावर पहिले एकदोन दिवस होडी गळायचीच. आजोबा तिला गळू द्यायचे. फळ्या पाणी पिऊन फुगल्या की जोड आपोआप घट्ट बसत. हे एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावं लागतं. आमच्यातलं कोण करणार? मी डोंबिवलीत, चुलतभावाला कंबरेचा पट्टा. वारा फिरला की शीड कसं फिरवायचं, हे आमच्या पिढीत एकालाही येत नाही.

नुसत्या प्रेमावर जहाज टिकत नाही. जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत आठवा. 31 जानेवारी 1997ला नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. माणसं रांगा लावून बघायला जायची. शेवटी 2014मध्ये ती मुंबईतल्या दारुखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडायला गेली आणि तिच्या पोलादाचा अंश मोटारसायकलींत आला. आमच्याच खाडीत मराठा आरमाराची जुनी गोदी आहे. गोदी दिसते, तिथे येणारी गुराबं-गलबतं कुठे आहेत?

आता उलट बाजू बघा. मे 2025मध्ये कारवारला नौदलाने 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज दाखल करून घेतलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते गोव्यात बांधलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याने शिवलेल्या आहेत. तसं एकही जुनं जहाज शिल्लक नव्हतं. होतं एक चित्र आणि केरळच्या बाबू शंकरन यांच्यासारख्या कारागिरांच्या हातातलं शिवणकाम. तेवढ्यावर जहाज उभं राहिलं!

आमच्या मेस्त्रींनी जन्मात कधी होडी कागदावर काढलेली नाही. सगळं माप नजरेत, आणि त्या नजरेत आता मोतीबिंदू उतरलाय. त्यांच्या मुलाला काम येतं, पण फायबरच्या होड्यांचं. (फायबर कुजत नाही, ही तर त्याची पंचाईत. मोडकी फायबरची होडी चुलीतही घालता येत नाही.) म्हणून माझं म्हणणं इतकंच की होडी मोडा, पण मेस्त्रींच्या हातून आणि सावकाश. दर दोन फुटांवर रुंदी, खोली, फळीची जाडी वहीत लिहून घ्या. कुठला तुकडा सागाचा, कुठला फणसाचा, आणि तो तिथेच का, हे त्यांना विचारत मोबाइलवर शूट करा. वर्गणी काढायचीच तर त्यांच्या मजुरीसाठी काढा.

चुलतभाऊ म्हणतो, वही बघायला पोरं थोडीच येणार? बरोबर आहे त्याचं, नाहीच येणार. माझीही आली नसती. पण दरवर्षी मुशीचं तेल लावायला कोण तयार आहे, असं ग्रुपवर विचारलं तेव्हा दोन दिवस शुकशुकाट होता. मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाब टाकलं.

जास्वंदीचा हट्ट अजून सुटलेला नाही. पण काल रात्री त्याचा वेगळा मेसेज आला, टेप किती फुटी आणू म्हणून. होडी 22 फूट आहे, पन्नास फुटी आण म्हटलं.