‘मूळ आवाजाचा खून’ म्हणणाऱ्या साहेबांना

अनामिक साहेब,

जुना व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) घेताना काय बघायचं यावर मी लिहिलं त्याखाली तुमची कमेंट आली, वाचली, परत वाचली. बाकीच्यांसाठी सांगतो. साहेबांचं म्हणणं असं की फोटो अंधुक आहेत, रेक्टिफायर व्हॉल्व्हचा (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हचा) विषय मी टाळला, रशियन व्हॉल्व्ह बेकार असतात, आणि मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: "सांगलीत बसून पुरात भिजलेला माल उचलणाऱ्यांनी सगळे कपॅसिटर बदला असले सल्ले देऊन मूळ आवाजाचा खून करू नये, आमच्या पुण्यात असं कुणी करत नाही."

फोटो अंधुक आहेत, मान्य. मोबाईल जुना आहे.

आता ते वाक्य. ही काय बोलायची पद्धत झाली का? "सांगलीत बसून" म्हणजे काय हो? कपॅसिटर काय पिनकोड बघून लीक होतो? आणि पुरावरून तर टोमणे मारूच नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, कितीतरी घरांचे तळमजले बुडाले, आणि त्यातलंच सामान नंतर धुऊनपुसून विकायला आलं. म्हणून तर मी लिहिलं की इकडं ॲम्प घेताना तो उलटा करा, टॅगस्ट्रिपच्या (आतले भाग ज्या पट्टीवर सोल्डर करतात तिच्या) मागं बारीक गाळ दिसतो का बघा, कारण वरून पॉलिश मारता येतं पण ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधल्या कागदात ओल धरली असेल तर ती दिसत नाही, आणि तसाच थेट २३० व्होल्टला लावला की गेला. आधी सिरीज बल्ब लावा (मेनच्या तारेत मधे बल्ब, म्हणजे आत बिघाड असला तरी करंट अडतो) हे त्यासाठीच.

माझ्या वडलांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. तासगावच्या रथोत्सवाला ईएल३४ या मोठ्या पॉवर व्हॉल्व्हचा ॲम्प टेम्पोत घालून न्यायचे आणि मी मागं भोंगे धरून बसायचो. आधी भोंगा जोडायचा मग स्विच, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलंय, कारण लोड, म्हणजे भोंगा, न जोडता आवाज वाढवला की व्हॉल्व्ह आणि भोंग्याच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतल्या आत ठिणग्या टाकून जळतो. तेव्हा हौशी वगैरे समजायचं काम नाही.

तर कपॅसिटर. कपलिंग कपॅसिटरचं काम एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याकडं सोडायचा आणि डीसी अडवायचा. जुना कागदी लीक झाला की ईसीसी८३ या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा डीसी पुढं ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येतो, बायस (करंट आवरून धरणारं ग्रिडचं निगेटिव्ह व्होल्टेज) कमी होतो आणि व्हॉल्व्ह करंट ओढत सुटतो. त्याची प्लेट सोसणार १२ वॅट, म्हणजे ३०० व्होल्टला ४० मिलीॲम्पियर झाले की संपलं, त्याच्या पुढं प्लेट लाल. व्हॉल्व्ह दुसरा मिळतो हो, पण त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर तसाच गुंडाळून देणारा माणूस शोधत फिरा. हाच का तुमचा मूळ आवाज? मिरजेत तंबोऱ्याची तार बदलली तर कुणी खून झाला म्हणून ओरडत नाही.

शंका असेल तर आउटपुटचे दोन्ही ईएल८४ काढा, सेट चालू करा, ग्रिडच्या पिनवर मीटर लावा. शून्याच्या आसपास पाहिजे. दोन-चार व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले की कपॅसिटर गेला, त्यात मत वगैरे काही नसतं. (एक हात खिशात ठेवा, आत ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही राहतात.)

आणि "सगळे" असं मी लिहिलंच नव्हतं. कागदाचे सगळे आणि फिल्टरचे (पॉवर सप्लायमधले) इलेक्ट्रोलिटिक, असं लिहिलंय, वर जाऊन बघा. मुलार्डचे पिवळे पॉलिस्टरवाले मीसुद्धा मोजून चांगले निघाले तर तसेच ठेवतो. मग एवढं तोंडसुख कशासाठी घेतलंत?

रेक्टिफायरच्या जागी डायोड टाकू नका, एचटी (व्हॉल्व्हला जाणारं मोठं डीसी व्होल्टेज) एकदम चढतं आणि वाढतंही, एवढं पुरे. रशियन व्हॉल्व्हवर मला वाद घालायचा नाही.

आता तुम्ही तुमच्या ॲम्पच्या ग्रिडवर किती व्होल्ट आहेत ते मोजून इथंच खाली लिहा. आणि जमलं तर नावानिशी लिहा.