सूत कुणाचं, चादर कुणाची

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला गेलो होतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वाद, तिन्ही एकाच ताटात. यंत्रमागावर जन्म काढलेले आमचे काका म्हणाले, "हिटलरला रशियानं एकट्यानं लोळवलं. अमेरिकेनं काय, मटणाचे डबे पाठवले." त्यांचा नातू लगेच, "आजोबा, त्या डब्यांवरच तुमची लाल सेना जगली की!"

मी राहतो अमेरिकेत, इंडियानातल्या साउथ बेंडला. स्टुडबेकरचे ट्रक याच गावात बनत. मार्च १९४१ मध्ये मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवण्याचा लेंड-लीज कायदा अमेरिकेत झाला आणि पुढच्या वर्षांत रशियाला ट्रक-जीप मिळून चार लाखांच्या आसपास गाड्या गेल्या. रशियानं आपली कात्युशा रॉकेटं पुढं बहुतेक स्टुडबेकरवरच चढवली. इथं संग्रहालयात तो ट्रक बघून लोक छाती फुगवतात. रशियाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली हे सांगितलं की गप्प होतात. म्हणजे इथं मी रशियाचा वकील आणि सोलापुरात अमेरिकेचा. दोन्हीकडे फी नाही.

काकांचा मुद्दा मात्र बिनतोड वाटला. "सूत व्यापाऱ्याचं असतं. म्हणून चादर त्यानं विणली म्हणतो का कोण?"

मी म्हटलं, "पण सूत आठ दिवस उशिरा आलं की माग बंदच राहायचा ना?"

खरी मेख इथंच आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जर्मन मॉस्कोसमोर अडले तेव्हा अमेरिकी मालाचा ओघ जेमतेम सुरू झाला होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडची लढाई संपली, आणि बहुतेक माल त्यानंतर पोचला. तेव्हा रशिया बुडता वाचला तो मुख्यतः स्वतःच्या बळावर. पण तिथून बर्लिनपर्यंतची धाव? ट्रक, जवळजवळ २००० रेल्वे इंजिनं, विमानांचं पेट्रोल, टेलिफोनच्या तारा बाहेरून आल्या, म्हणून रशियाच्या कारखान्यांना रणगाड्यांवर जोर देता आला. युद्धानंतर सोव्हिएत नियोजनप्रमुख वोझ्नेसेन्स्कींनी ही मदत देशी उत्पादनाच्या फक्त ४ टक्के ठरवली. असला हिशेब मला पटत नाही. मागाचा धोटा किमतीला किती टक्के असतो?

परतताना स्टेशनला जायच्या आधी भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकापाशी थांबलो. १९३८ मध्ये युद्धात चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले आमच्या गावचे; ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय ३२. नातवानं खोडी काढली, "आजोबा, यांची मदत किती टक्के?"

"टक्के लावायला ते काय सूत विकायला गेलते व्हय?" काका म्हणाले आणि रिक्षाला हात केला.