यादीबद्दल, आणि मारव्याबद्दल

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून उत्तर लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दर रविवारी मी ‘या आठवड्यात ऐकलेलं’ म्हणून सात-आठ अल्बमांची यादी टाकतो, प्रत्येकापुढे एक ओळ. हे ऐकणं नव्हे, मिरवणं. शिवाय खरं गाणं मैफलीतलं, रेकॉर्डवरचं शिळं.

मिरवण्याचं आधी कबूल करतो. गेल्या रविवारच्या सातपैकी दोन एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) मी फोनवर, लोकलमध्ये उभ्याने ऐकल्या होत्या आणि ते लिहिलं नव्हतं. किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री या रागांची एलपी त्यातलीच. डोंबिवलीला गाडीत शिरलो की ‘प्रथम सुर साधे’ सुरू होतं, आणि विलंबितातले, म्हणजे संथ लयीतले, सगळे बारकावे दिवा-मुंब्र्याच्या खडखडाटात जातात. कानापर्यंत धड पोचलं ते पुढचं जलद ‘सहेला रे’. तरी ‘अप्रतिम भूप’ असं लिहून मी मोकळा झालो! भूप अप्रतिम आहेच, पण त्या दिवशी मी तो अर्धाच ऐकला होता.

शिळ्याचं मात्र मान्य नाही. गायक अमीर खाँसाहेब १९७४ साली गेले, माझा जन्म १९७९चा. त्यांची मैफल मी कुठून आणू? माझ्याकडे आहे ती १९६०ची एलपी, एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. वीसेक मिनिटांत ‘पिया मोरे अनत देस’ आणि मग ‘गुरु बिन ग्यान’. (विलंबित झुमरा तालात आहे, मी घाईत एकताल लिहिलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. दुरुस्त केलंय.) मैफलीत हाच मारवा त्यांनी तासभरही गायला असता, खरं आहे. पण कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात ते असे रेंगाळतात, षड्ज, म्हणजे गाणं जिथे टेकतं तो सा, असा लांबणीवर टाकतात की वीस मिनिटंही जड होतात. परवा संध्याकाळी रेकॉर्ड लावली होती. मुलगी गवार मोडत बसली होती. जरा वेळाने म्हणाली, “बाबा, हे टेकणार कधी?” तिला रिषभ-धैवत काही ठाऊक नाही. सा टाळलाय एवढं मात्र नेमकं कळलं. शिळं गाणं असं काम करत नाही हो.

आता यादी कशाला, याबद्दल. संतूर, बासरी आणि गिटार यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तुम्हाला माहीत असेलच: शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा, १९६७ साल, एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत त्याचे निर्माते आपले जी. एन. जोशी. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरव रागापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, ‘पहाडीनंतर ढेपाळतो.’ दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचं उत्तर आलं: ढेपाळत नाही, संपतो. सोबत त्यांच्याकडच्या जुन्या कव्हराच्या मागच्या बाजूचा फोटो, कोपऱ्यात पेनाने लिहिलेली किंमत. पहाडी शेवटची. पुढचे तीन तुकडे नंतर सीडी निघाली तेव्हा जोडलेले, आणि मी सीडीवरच वाढलेला! इतकी वर्षं मी त्या मेंढपाळाला रात्र झाल्यावरही झोपू देत नव्हतो. ती एक ओळ लिहिली नसती तर हे मला कुणी सांगितलं असतं?

तुम्ही लिहिलंय, पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेत रात्री जागवल्या आहेत. हेवा वाटतो. पण मध्यंतरात चहाच्या रांगेत तुम्ही गप्प उभे राहत होतात का? ‘आज आवाज लागायला वेळ लागला’, ‘तबला जरा पुढे होता’, असं कुणाशी तरी बोललाच असाल. माझ्या ओळखीत ती रांग नाही, म्हणून रविवारी इथे उभा राहतो.

तर पुढच्या रविवारी सातांची यादी नाही. फक्त मारवा, घरी, दार लावून. दरबारीची बाजू त्या दिवशी लावणार नाही. आणि यापुढे कुठे ऐकलं तेही लिहीन. लोकल तर लोकल.

तुम्ही रमणबागेत कुणाचा मारवा ऐकला असेल तर तेवढं कळवा: किती वेळ चालला, आणि गायकाने सा पहिल्यांदा पोटभर कधी लावला?