'चेअरमन ऑफ द बोर्ड' आणि घरातली एकुलती एक खुर्ची

इंग्रजी शब्दांच्या 'रंजक' जन्मकथांचा एक जुना मेसेज अजूनही फिरतोय. त्यातली एक लाडकी कथा अशी: अठराव्या शतकाच्या अखेरीस अनेक घरांत एकच मोठी खोली आणि एकच खुर्ची असायची. भिंतीवरची लांब फळी खाली पाडली की जेवायचं टेबल तयार. खुर्चीवर घरचा कर्ता, बाकी सगळे जमिनीवर. म्हणून तो 'चेअरमन', आणि पुढ्यात फळी म्हणून 'चेअरमन ऑफ द बोर्ड'.

आधी खुर्च्यांची टंचाई बघू. 1754 साली टॉमस चिपेंडेलने लंडनमध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, त्यात खुर्च्यांचेच कितीतरी प्रकार आहेत. तो श्रीमंतांचा मामला, असं कोणी म्हणेल. पण लाकडी काड्यांच्या पाठीची विंडसर खुर्ची त्याच शतकात खानावळींत, बागांत आणि साध्या घरांतही रुळली होती. खुर्ची दुर्मीळ होती ती मध्ययुगात, आणि तेव्हाही बाकं आणि स्टुलं होतीच. मेसेज लिहिणाऱ्याने काही शतकं बिनदिक्कत इकडची तिकडे केली आहेत.

फळीची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, आणि तिच्याच जिवावर बाकीची खपते. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी, तसंच टेबलही. मध्ययुगीन दालनांत लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या पायांच्या आधारांवर, फळ्या टाकून पंगत बसायची, जेवणं आटोपली की सगळं उचलून ठेवायचं. भिंतीचा संबंध नाही. पुढे टेबलाचा अर्थ टेबलावरच्या जेवणाकडे सरकला. आपण राहण्या-जेवण्याच्या सोयीला 'बोर्डिंग' म्हणतो ते त्यातूनच आलं. मग टेबलाभोवती बसणाऱ्या मंडळालाच बोर्ड म्हणू लागले. इंग्लंडचं बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे व्यापाराचं सरकारी मंडळ, 1696 सालचं, म्हणजे मेसेजमधला कर्ता जेवायला बसला त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधीचं.

खरी गफलत खुर्चीच्या बाबतीत आहे. मेसेजचा समज असा, की 'चेअर' आधी घरातली वस्तू होती आणि कर्त्यामुळे तिला मान मिळाला. शब्दाचा प्रवास उलट सांगतो. ग्रीक 'काथेड्रा' म्हणजे आसन. लॅटिनमध्ये तो शब्द शिक्षकाच्या आणि पुढे बिशपच्या आसनासाठी रुळला. बिशपचं आसन ज्या चर्चमध्ये ते कॅथेड्रल. जुन्या फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला 'चेअर' होऊन. विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाला आजही 'चेअर' म्हणतात ते त्याच नात्याने. थोडक्यात, अधिकार या शब्दाला इंग्रजीत येण्याआधीच चिकटलेला होता. (खुर्ची सुटता सुटत नाही, असं आपण पुढाऱ्यांबद्दल म्हणतो तेव्हाही कोणाच्या मनात फर्निचर नसतं.)

तारखाही मेसेजच्या विरोधात जातात. 4 जानेवारी 1642 रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला संसदेच्या कॉमन्स सभागृहात शिरला, तेव्हा त्याने सभापती लेंथॉलकडे थोड्या वेळापुरती त्यांची खुर्ची मागून घेतली. सभेची सूत्रं त्या खुर्चीत असतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 'चेअरमन' हा शब्दही 1650च्या दशकापासून लेखी सापडतो. अठराव्या शतकाअखेरच्या जेवणातून तो जन्मणार कसा?

त्या शतकातल्या लंडनकराला 'चेअरमन' नावाचा एक माणूस रस्त्यावर नेहमी दिसायचा, हे खरं. सेडन चेअर म्हणजे दोन दांड्यांवर उचललेली बंद खुर्ची, आपल्या मेण्याची विलायती बहीण. ती वाहणाऱ्या भोयांना चेअरमन म्हणत. खुर्चीत बसायचं ते गिऱ्हाईक.