व्हीलचेअर दिली, फोटो काढला. पुढं काय?

आज तालुक्याला दिव्यांग साहित्य वाटपाचं शिबिर होतं. ताईबरोबर मीही गेले. कार्यक्रम सकाळचा, साहेब उगवले दुपारी. तोवर मांडवात लेकरं घेऊन बसलेल्या बाया, आणि कूलर फक्त स्टेजवर. भाच्याला सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी आहे (मेंदूतल्या बिघाडामुळं हातापायांवर नीट ताबा राहत नाही), तुमच्यातले बरेच जण त्याला ओळखतात. सात वर्षांच्या त्या पोराला मिळाली मोठ्या माणसाची व्हीलचेअर! बसवला की एका अंगाला घसरतो, पाय लोंबकळतात, धरून ठेवायला पट्टासुद्धा नाही. मी तिथल्या माणसाला म्हटलं, दादा, याला मापाची खुर्ची लागते. तो म्हणे, मॅडम, फोटो होऊ द्या आधी, मग बघू. फोटो झाला. मग कोण बघतंय!

घरी आलो तर ताईची सासू म्हणाली, "हाई गाडी काय कामनी शे माय?" आता त्या खुर्चीत ज्वारीचं पोतं ठेवलंय. हसू नका, ओट्यावर ओल येते.

मला बोलायचंय ते खुर्चीबद्दल नाहीच. या पोराला सगळ्यात जास्त काय लागतं, तर रोज त्याचे पाय ताणून देणारे शिकलेले हात. सीपीत स्नायू आखडत जातात. वेळेवर व्यायाम झाला नाही तर टाच टेकेनाशी होते, पुढं ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी एक फिजिओथेरपिस्ट मॅडम होत्या. कंत्राटी. पगार कधी वेळेवर नाही, पण पोराशी काय गोड बोलायच्या! ताईलाही घरी करायचे व्यायाम त्यांनीच शिकवले. त्यांच्यामुळेच भाचा भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. कंत्राट संपलं, मॅडम गेल्या, जागा रिकामी. पोरगं पुन्हा बसूनच.

आणि मॅडम होत्या तेव्हा तरी काय सोपं होतं? कापूस वेचणीच्या दिवसांत जिल्ह्याला जाण्यात ताईचा अख्खा रोज बुडायचा. एसटीत पोराला 75 टक्के सवलत आहे, ताईलाही अर्धं तिकीट, मान्य. पण गाडी फाट्यावर थांबेल तर ना! हे आमचं, सपाटीवरच्या लोकांचं. सातपुड्यातल्या धडगावकडच्या पाड्यावरच्या आईनं लेकरू पाठीशी बांधून नंदुरबारला कसं यायचं, हे मंत्रालयात बसून कुणी एकदा तरी मनात आणलं असेल का?

आता कुणी म्हणेल, सरकारनं 2022 मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला. काढला. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याला 1500 चे 2500 झाले. झाले, चांगलं झालं. पण ते मेहेरबानी म्हणून सांगू नका. दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान 25 टक्के जास्त मदत द्या, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच लिहिलंय, कलम 24. तरी कित्येक वर्षं निराधारांना जेवढे तेवढेच दिव्यांगांना मिळत होते. बच्चूभाऊ कडू मोझरीला महिन्याला 6000 मिळावेत म्हणून उपोषणाला बसले, त्याबद्दल त्यांना मानते मी. पण हातात 6000 आले तरी तालुक्यात थेरपिस्टच नसेल तर ताईनं त्या पैशाचं काय करायचं? आणि बोलायला शिकवणारी स्पीच थेरपिस्ट? तिचं तर नावच काढू नका. "याचं बोलणं येईल हळूहळू" असं ऐकत ऐकत आमचं पोरगं सात वर्षांचं झालं.

हो, दिव्यांग असल्याचे बोगस दाखले काढणारेही आहेत. पकडा त्यांना, आम्ही कुठं अडवलंय.

राग याचा येतो की मांडवाला पैसे आहेत, बॅनरला आहेत, साहेबांच्या नाश्त्याला आहेत. एका फिजिओच्या कायम पगाराला मात्र तिजोरीत खडखडाट! खुर्ची एकदा देऊन टाकली की यादीत टिकमार्क होते. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचा फोटो निघत नाही. विशेष शाळांचंही तेच. विनाअनुदानित शाळेतली ती ताई आठ-दहा पोरांचं शी-शू, जेवण, अक्षरं सगळं बघते, आणि तिला मिळतं काय, तर आमच्याकडं केळीच्या गाडीवर जाणाऱ्या मजुरापेक्षा कमी. जळगावात दीपस्तंभ संस्थेचं मनोबल केंद्र आहे, तिथं दिव्यांग मुलं राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. अभिमानच आहे. पण ते लोकांच्या देणगीवर उभं राहिलंय. सगळं देणगीवरच चालवायचं असेल तर आम्ही कर कशाला भरतो?

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला, म्हणून कामाचं बोलते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडं मार्चअखेर आला की घाईघाईत काहीतरी वाटून मोकळे होतात. त्याऐवजी आजूबाजूच्या चार-पाच गावांनी मिळून हे पैसे एकत्र केले आणि ठरलेल्या वारी एक फिजिओ शाळेच्या खोलीत बसवला तर? नियमात बसतं का, ते सोमवारी बीडीओ साहेबांना विचारायला जाणार आहे. नाही बसत म्हणाले तर लेखी मागणार.

माझ्या यादीत पारोळा-अमळनेरकडचे दोन-तीन सरपंच आहेत. भाऊ, लाइक देऊन पळू नका. फोन करा.