लाल सिग्नल आणि ‘लेफ्ट फ्री’: तो फॉरवर्ड चुकीचा आहे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच फिरतंय, की लाल सिग्नल असला तरी डावीकडे वळायला कुणी अडवू शकत नाही, मुंबईत सगळीकडे लेफ्ट फ्रीच असतं वगैरे. असं नाहीये हो. लाल म्हणजे स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं, डावीकडे जाणाऱ्यानेसुद्धा. वळता येतं ते फक्त जिथे तसा बोर्ड आहे किंवा डावा हिरवा बाण लागलाय तिथे, आणि तिथेही चालणारा माणूस झेब्रावर असेल तर आधी तो जाणार मग तुम्ही. २०१९ च्या दुरुस्तीपासून रेड लाइट तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, दंड १ ते ५ हजार, वर कैदही होऊ शकते.

मुंबईत दादर टीटीच्या चौकात संध्याकाळी रस्ता क्रॉस करून बघा एकदा, चालणाऱ्यांच्या सिग्नलचा हिरवा माणूस लागलेला असतो आणि डावीकडे वळणारे टॅक्सी, बाइकवाले थेट पायावर. सायकलवाल्याचं तर विचारूच नका, तो बिचारा कडेने सरळ चाललेला असतो आणि ओव्हरटेक करून त्याच्यापुढेच गाडी डावीकडे घालतात.